पूर्वजांच्या भूमीवर उपवन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



मजसारख्या केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेल्या शिक्षकास आजच्या संमेलनात बोलण्याची संधी देऊन मंडळाने माझा गौरव केला आहे, त्याबद्दल मी प्रथम सर्वांचे मनःपूर्वक आभार मानतो. मी विद्वान नव्हे. वक्ता तर नव्हेच. परंतु ज्या विषयावर आज आपल्या ज्ञातीत घरोघरी चर्चा चालू आहे, त्याविषयी जे पाहिले आणि जे वाचले ते आपणांपुढे ठेवावे, आणि निर्णय आपल्या विवेकावर सोपवावा, एवढाच माझा हेतू आहे.

विषय आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या ज्ञातीत मृतास अग्नी न देता भूमी देण्याची चाल वाडवडिलांपासून चालत आली आहे. त्यासाठी आपली जी जुनी जागा होती, ती एके काळी गावाबाहेर होती. आज ती भरवस्तीत आली आहे. नवीन जागा मिळाल्यापासून तेथे कोणास भूमी देत नाहीत. कुंपण पडले, बाभळी माजल्या, लोक तेथे केरकचरा आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून टाकू लागले आणि रस्त्याच्या बाजूने टपऱ्यांनी आत पाय शिरकविला. आता या जागेचे काय करावे? काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, पूर्वज निजले आहेत तेथे हात लावू नये. काही तरुणांचे म्हणणे असे की, तेथे ज्ञातीचे सभागृह आणि खाली भाड्याचे गाळे बांधावेत. तिसरा पक्ष म्हणतो की, जागा नगरपालिकेच्या हवाली करून मुलाबाळांसाठी बाग करावी. तिन्ही पक्षांत ज्ञातीचे हितचिंतकच आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न भांडणाचा नसून विचाराचा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच पुढे आला आहे असे नाही. जेथे जेथे शहरे वाढली, तेथे तेथे वस्तीबाहेरची स्मशाने वस्तीच्या मध्यभागी आली. मुंबईत स्मशानाला ‘सोनापूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मरणाच्या जागेला इतके गोड नाव देणारा आपला समाज त्या जागेविषयी निष्ठुर नाही, हे उघड आहे. तरीही जुन्या भूमीचे पुढे काय करावे, याचा विचार इतर देशांतील लोकांनी आपल्या आधी आणि पुष्कळ तपशिलाने केला आहे. त्यांनी काय साधले आणि ते कोठे चुकले, हे पाहणे आपल्या हिताचे होईल.

माझी कन्या आणि जावई लंडनास असतात. त्यांच्याकडे राहण्याचा योग आला असता नातवाचे बोट धरून मी तेथील अनेक लहानमोठ्या बागांतून हिंडलो. त्यांपैकी कित्येक बागा जुन्या दफनभूमींवर झालेल्या आहेत, हे कळल्यावर मला प्रथम नवल वाटले आणि मग जिज्ञासा उत्पन्न झाली. त्याचा इतिहास थोडक्यात असा. १८०१ साली लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, ती १८५१ साली २३ लाखांच्या वर गेली. जिवंतांची संख्या दुप्पट झाली, पण मृतांची जागा मात्र चर्चच्या आवाराइतकीच राहिली. एकावर एक शवे पुरण्यात येऊ लागली. इनॉन चॅपेल नावाच्या एका प्रार्थनागृहाच्या तळघरात सुमारे १२,००० शवे कोंबलेली होती आणि वर लोक प्रार्थना करीत होते! जॉर्ज वॉकर नावाच्या एका शस्त्रवैद्याने १८३९ साली या अनाचाराविषयी पुस्तक लिहून लोकांचे डोळे उघडले. पुढे १८४८-४९ च्या पटकीने त्या शहरात सुमारे १४,००० माणसे नेली. तेव्हा कोठे सरकार जागे झाले, आणि १८५२ साली कायदा होऊन शहरातील भरलेल्या दफनभूमी बंद करण्याची तजवीज झाली.

बंद झालेल्या या शेकडो जागांची पुढे काय अवस्था झाली, हे मी सांगावयास नको. आपली जागा डोळ्यांपुढे आणली म्हणजे पुरे. कोठे उकिरडा झाला, तर कोठे जमीनमालकाने घरे उठविली. त्याच सुमारास गरीब वस्त्यांतील मुलांना खेळावयास हातभर मोकळी जागा उरली नव्हती. काही विचारी स्त्री-पुरुषांच्या मनात आले की, मृतांची ही जागा जिवंत गरिबांना द्यावी. १८८२ साली या कार्यासाठी एक मोठी संस्था स्थापन झाली आणि १८८४ साली कायदा झाला की, बंद झालेल्या दफनभूमीवर, प्रार्थनागृह वाढविण्याखेरीज, कोणतीही इमारत बांधता कामा नये. सभागृहाचा आग्रह धरणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी या कायद्याचा हेतू ध्यानी घ्यावा. इमारतीस पाया लागतो आणि पाया खणावयाचा म्हणजे पूर्वजांच्या अस्थी उकराव्या लागतात. बागेचे तसे नाही. जाणत्याने केली तर बाग भूमीच्या अंगावर एखाद्या शालीप्रमाणे पसरते. तिला खोल खणावे लागत नाही.

या सर्व बागांत मला विशेष बोध देऊन गेली ती बनहिल फील्ड्स नावाची बाग. या नावाचा मूळ अर्थ ‘हाडांची टेकडी’ असा मानतात, कारण १५४९ साली सेंट पॉलच्या अस्थिगृहातील गाडाभर गाडा हाडे तेथे आणून टाकली होती. १६६५ पासून १८५४ पर्यंत तेथे सव्वा लाखाच्या आसपास माणसांना भूमी मिळाली. राजमान्य चर्चच्या पंथाबाहेर असलेले अनेक लोक तेथे आपले मृत नेत, म्हणून त्या जागेला एक निराळे महत्त्व आहे. जॉन बन्यन तेथेच आहे. ज्याचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ आम्ही मुलांना गोष्टीरूपाने सांगत आलो, तो डॅनियल डिफोही तेथेच आहे. १८६७ साली कायदा करून ही जागा लोकांसाठी मोकळी राखण्याचे ठरले आणि १८६९ साली ती बाग म्हणून खुली झाली. दुसऱ्या महायुद्धात तेथे बाँब पडून नासधूस झाली. पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांत बागेची फेररचना झाली, तेव्हा एका भागातील दगड काढून हिरवळ केली. उरलेल्या भागात थडगी जशीच्या तशी ठेवून त्यांस कठडा घातला. दुपारच्या सुटीत आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे तेथे येऊन बाकांवर बसतात आणि शांतपणे आपला डबा खातात. कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि कोणी भीतही नाही.

या बागेतील दोन गोष्टी मी आपणांस मुद्दाम सांगतो. पहिली डिफोच्या स्मारकाची. त्याच्या थडग्यावर साधा दगड होता. बाग झाल्यानंतर एका वर्तमानपत्राने इंग्लंडातील मुलामुलींना आवाहन केले की, ज्याने तुम्हांला ही गोष्ट दिली त्याचे स्मारक तुम्हीच करा. सतराशे जणांनी वर्गणी पाठविली आणि १८७० साली तेथे एक उंच स्तंभ उभा राहिला. त्यावर मुलांच्या या वर्गणीची हकीकत कोरलेली आहे. सारा जन्म मुलांत घालविलेल्या मजसारख्या माणसाला तो स्तंभ पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी. पूर्वजांची आठवण राखण्याचे काम म्हाताऱ्यांचेच आहे असे आपण समजतो. पण ते मुलांवर सोपविले तर मुले ते आनंदाने करतात.

दुसरी गोष्ट विल्यम ब्लेक या कवीची. हा मोठा कवी आणि चित्रकार १८२७ साली वारला तेव्हा इतका निर्धन होता की, त्याला स्वतंत्र थडगे मिळाले नाही. इतर अनोळखी माणसांबरोबर एकाच खड्ड्यात त्याला ठेवण्यात आले. जागेवर खूण उरली नाही. १९२७ साली त्याच्या नावाचा एक दगड बसविला, पण बागेच्या फेररचनेत तोही मूळ जागेवरून हलवून डिफोच्या स्तंभाजवळ नेला. ‘येथे जवळपास कोठे तरी’ एवढेच त्यावरून कळे. तरीही ही जागा पुन्हा सापडली. कशी सापडली? त्या दफनभूमीची जुनी वही जपून ठेवलेली होती! कोणत्या दिवशी, कोणत्या रांगेत, कोणत्या क्रमांकाच्या जागी कोणास ठेविले, हे त्या वहीत आकड्यांनी नोंदलेले होते. ब्लेकच्या दोन चाहत्यांनी त्या आकड्यांचा माग काढीत प्रत्यक्ष मोजणी केली, ती जागा निश्चित केली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या पुण्यतिथीच्या दिवशी, बरोबर त्याच जागी हिरवळीत नवा दगड बसविण्यात आला. १९१ वर्षांनंतर कवीला त्याची जागा परत मिळाली, आणि ती कोणा राजाच्या कृपेने नव्हे, तर ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही अशा एका कारकुनाच्या इमानी लेखणीने!

बंधुभगिनींनो, मला जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म याच वहीत आहे. भूमीवर हिरवळ आली म्हणून पूर्वजांचा अपमान होत नाही. त्यांचे नाव पुसले गेले म्हणजे अपमान होतो. बाग करावी की करू नये हा प्रश्न मागाहूनचा. तेथे कोण कोण निजले आहे हे आपण लिहून ठेविले आहे की नाही, हा प्रश्न पहिला. इंग्रजांच्या १९०६ च्या कायद्यात ही गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. नगरसंस्थेने अशा जागेतील एकही दगड हलविण्यापूर्वी प्रत्येक दगडावरील नाव आणि तारीख यांची यादी करावी, ती सर्वांस पाहता येईल अशी ठेवावी, आणि वर्तमानपत्रांतून निदान तीन वेळा जाहिरात द्यावी, असा तो नियम आहे. म्हणजे आधी यादी, मग बाग.

हा विचार तेथील लोकांना सहज सुचलेला नाही. तो पश्चात्तापातून आला आहे. सेंट पँक्रस येथील जुन्या चर्चच्या भूमीतून १८६५ च्या सुमारास आगगाडीचा रस्ता नेला, तेव्हा हजारो थडगी उकरावी लागली. त्यावर देखरेख करावयास एका वास्तुविशारदाने आपला तरुण साहाय्यक पाठविला. तोच पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेला टॉमस हार्डी. काढलेले दगड एका झाडाभोवती दाटीवाटीने रचलेले होते, आणि ते झाड लोक हार्डीच्या नावाने ओळखीत. डिसेंबर २०२२ मध्ये ते उन्मळून पडले. १८७७ साली त्या भूमीची बाग झाली, तेव्हा अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर बाईने तेथे एक उंच, नक्षीदार छायाघटिका उभारविली, आणि ज्यांची थडगी या उलाढालीत नाहीशी झाली त्यांपैकी अनेकांची नावे तिच्यावर कोरविली. माझा नातू त्या स्तंभापुढे उभा राहून एकेक नाव वाचीत होता. ज्यांचे दगड गेले त्यांची नावे तरी एका परक्या देशातील मुलाच्या ओठांवर आली, हेही थोडे नव्हे.

आता दुसरी बाजूही पाहा. न्यूयॉर्क शहरात वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची सुंदर बाग आहे. १७९७ साली शहराने ती जागा निराधार गरिबांना पुरण्यासाठी घेतली होती. पीतज्वराच्या साथीत मेलेली असंख्य माणसे तेथे गेली. १८२५ साली दफन थांबले, पुढे तेथे कवायतीचे मैदान आणि मग बाग झाली. आजही सुमारे २०,००० माणसांच्या अस्थी त्या हिरवळीखाली आहेत असे सांगतात. गरिबांच्या थडग्यांवर बहुधा दगड नसतोच, त्यामुळे दोनशे वर्षे लोक त्यांवरून निःशंक चालत राहिले. २००९ साली दुरुस्तीच्या खोदकामात अखंड असा एकच दगड सापडला. त्यावर आयर्लंडहून आलेल्या आणि १७९९ साली वयाच्या २८ व्या वर्षी वारलेल्या जेम्स जॅक्सन याचे नाव आहे. वीस हजारांत एक नाव! खोदकामात मिळालेल्या अस्थी २०२१ साली त्याच बागेत सन्मानाने पुन्हा पुरण्यात आल्या आणि तेथे एक लेख बसविला. हे योग्यच झाले, पण नावे काही परत आली नाहीत.

डेन्व्हर शहराची कथा याहून खेदाची आहे. तेथे १८९३ साली जुन्या दफनभूमीची बाग करण्यासाठी अस्थी हलविण्याचा ठेका एका माणसास दर पेटीमागे १ डॉलर ९० सेंट या दराने देण्यात आला. पेट्या जितक्या अधिक तितके पैसे अधिक, म्हणून त्याने मुलांच्या मापाच्या लहान पेट्या आणल्या आणि एकेका देहाचे तुकडे करून ते अनेक पेट्यांत भरले. वर्तमानपत्रांनी हा प्रकार उजेडात आणल्यावर ठेका रद्द झाला, परंतु हजारो देह तेथेच राहिले आणि वर बाग झाली. ठेकेदारास दोष देणे सोपे आहे. पण ज्या समाजाने पूर्वजांच्या अस्थी दरपत्रकावर घातल्या, त्याचा दोष कमी कसा मानावा? आपण तर भाड्याच्या गाळ्यांचा हिशेब मांडू लागलो आहोत, म्हणून हे सांगितले.

आपल्यापैकी काही ज्येष्ठांस वाटेल की, ही परक्यांची उदाहरणे आपणांस कशाला? मी नम्रपणे सांगतो की, आपली परंपरा याहून वेगळे सांगत नाही. भगवान शंकर स्मशानात राहतो, ही आपली श्रद्धा आहे. तेव्हा स्मशान अमंगळ आहे, तेथे मुलांनी पाऊल टाकू नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? आळंदीस ज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीशी लहान मुलांना नेऊन आपण माथा टेकवितो, तेव्हा भीती वाटत नाही. आणि नावाचे महत्त्व तर संतांनी आपणांस सर्वांआधी शिकविले. चोखोबांची कथा आपण जाणता. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले, आणि चोखोबांसह अनेक मजूर त्याखाली गाडले गेले. नामदेव तेथे गेले तेव्हा सर्वांच्या अस्थी एकत्र झाल्या होत्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस आणिल्या आणि महाद्वारापुढे त्यांस समाधी दिली, असे परंपरा सांगते. गरीब मजुराच्या अस्थी ढिगाऱ्यात हरवू द्यावयाच्या नाहीत, त्या शोधून त्यांस त्यांची जागा द्यावयाची, हा धडा आपल्याच घरचा आहे.

आणि येथेच आपल्या ज्ञातीने अंतर्मुख व्हावयास हवे. आपल्या जुन्या भूमीत ज्यांच्या समाध्या चिरेबंदी आहेत त्यांची नावे राहतील. परंतु ज्यांच्या उशाशी ओढ्यातला एक धोंडा तेवढा ठेवला होता, त्यांचे काय? मोलमजुरी करणारे आपले आजे-पणजे, बाळंतपणात गेलेल्या लेकीसुना, नाव ठेवण्यापूर्वीच गेलेली तान्ही बाळे, ही सारी त्याच मातीत आहेत. उद्या बाग झाली आणि सधनांच्या समाध्या तेवढ्या राखल्या गेल्या, तर मरणानंतरही आपण गरीब-श्रीमंत हा भेद पाळला असे होईल. पाहणारा म्हणेल, या ज्ञातीत धनवान तेवढे जन्माला आले होते काय? शाळेच्या हजेरीपटावर सावकाराच्या मुलाचे नाव आणि हमालाच्या मुलाचे नाव एकाच शाईने लिहिले जाते. भूमीच्या नोंदवहीतही तसेच झाले पाहिजे.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. जागा तशीच ठेवणे म्हणजे ती राडारोड्यास आणि टपऱ्यांस बहाल करणे होय. सभागृह आपणांस हवे, पण ते दुसऱ्या जागी व्हावे. या भूमीवर बाग व्हावी, असेच माझ्या बुद्धीस वाटते. मात्र काही अटी पाळूनच व्हावी. त्या अटी अशा:

पहिली, एकही दगड हलविण्यापूर्वी ज्ञातीतील प्रत्येक घरी जाऊन, त्या भूमीत आपले कोण कोण आहे, हे विचारून नोंद करावी. ज्यांस जागा आठवत असेल त्यांनी ती दाखवावी आणि तिचा नकाशा काढावा. दुसरी, बागेत खोल खणू नये. हिरवळ, फुलझाडे आणि पायवाट एवढेच असावे, आणि जी चिंच नि कडुनिंबाची जुनी झाडे आहेत त्यांस कुऱ्हाड लावू नये. तिसरी, समाध्या आणि दगड जागच्या जागी राहावेत. हलवावा लागलाच तर त्या घराच्या संमतीने हलवावा. चौथी, प्रवेशद्वाराजवळ एक शिलालेख असावा आणि त्यावर नोंदवहीतील सर्व नावे, संपत्तीचा किंवा मानाचा क्रम न पाळता, कोरावीत. ज्यांची नावे कोणासच ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीही एक ओळ असावी. पाचवी, बाग सर्व जातिधर्मांच्या मुलांस मोकळी असावी. आपल्या पूर्वजांची सावली वाटून घेतल्याने कमी होणार नाही.

यांपैकी पहिले काम तर पैशावाचून होणारे आहे आणि तेच सर्वांत निकडीचे आहे. आपल्यात जे ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत, त्यांच्या स्मरणात जी नावे आहेत ती कोणत्याही कागदावर नाहीत. एकेक वृद्ध जातो तेव्हा त्याच्याबरोबर दहावीस नावे जातात, आणि ती मागून कोठेच मिळत नाहीत. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, या कामी आपल्या ज्ञातीतील आठवी-नववीच्या मुलामुलींची योजना करावी. त्यांनी वही-पेन्सिल घेऊन आजी-आजोबांपुढे बसावे आणि ऐकावे. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. नाव मात्र चुकता कामा नये. या कामी देखरेख करण्यास मी, प्रकृती साथ देईल तोवर, रोज सायंकाळी मंडळाच्या कचेरीत बसण्यास तयार आहे. वह्या मी माझ्या पदरच्या आणीन.

 श्रीपरमेश्वर आपणां सर्वांस या सत्कार्यी एकमत देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.